वाचायचं काकांनी, दाबायचं काकूंनी

लिफ्टमध्ये सहा माणसांची मर्यादा असली आणि सातवा घुसला, की अटीकाका स्वतः बाहेर पडायचे. मग ते सगळ्यांच्या आधी आत शिरलेले का असेनात. सातव्याशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा जिने चढलेले बरे. त्यांची उभी हयात लिफ्ट तपासण्यात गेली होती. पाटीवर लिहिलेलं पाळायचं असतं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान, आणि ते त्यांना आयुष्यभर पुरलं. 'अटीकाका' हे नाव इमारतीनं ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यात आक्षेपार्ह काही आढळलं नव्हतं.

काकू घरी भरतकामाचं यंत्र चालवायच्या. गणवेशांवर शाळेची चिन्हं, उशांच्या अभ्र्यांवर फुलं, असलं काम. नवं यंत्र घेतलं तेव्हा त्याबरोबर नक्ष्या काढायचं सॉफ्टवेअर आलं, आणि सॉफ्टवेअरबरोबर लांबलचक करार. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करतो ते सांगायला नको. अटीकाकांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काकू शेजारच्या खुर्चीत दोरा गुंडाळत बसल्या.

"अहो, हे कुणी वाचतं का?"

"ज्यानं लिहिलं त्यानं तरी वाचलंच असेल. आपण दुसरे."

शेवटचं कलम संपल्यावर ते म्हणाले, "हरकत नाही. दाब." खातं काकूंच्या नावावर, म्हणजे 'मान्य आहे' काकूंनीच दाबायचं. तेव्हापासून घरात रीतच पडून गेली. अटी बदलल्या की दोन्ही खुर्च्या शेजारी यायच्या. वाचायचं काकांनी, दाबायचं काकूंनी. एकदा मुलीनं ते सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर टाकून मागितलं. काकांनी तिला 'दुसऱ्या कुणाला देऊ नये' हे कलम वाचून दाखवलं, तिनं बरेच दिवस अबोला धरला, आणि काकू मध्ये पडल्या नाहीत. बटण त्यांनी दाबलं होतं ना.

मग काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. यंत्राच्या चौकटीत बाळाचं पिवळं दुपटं तसंच ताणलेलं राहिलं. मुलीला दिवस गेले होते, तिच्या बाळासाठी काकू बदकांची रांग भरत होत्या. बदकीण झाली होती, मागची पिल्लं झाली होती, फक्त शेवटच्या पिल्लाचं डोकं राहिलं होतं.

मुलगी माहेरी आली आणि तिनं यंत्राशेजारचा संगणक सुरू केला. पडद्यावर उमटलं: अटी बदलल्या आहेत, मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"थांब," काका म्हणाले आणि वाचायला बसले.

खातं ज्याच्या नावावर, परवाना त्या एका व्यक्तीपुरता होता. दुसऱ्या कुणाला तो देता येणार नव्हता, आणि ती व्यक्ती मरण पावली की संपणार होता. काकांनी उरलेलंही सगळं वाचलं, कारण अर्धवट वाचायची त्यांना सवय नव्हती.

"बाबा, दाबा हो. कोण बघतंय?"

"बघणारा असता तर बरं झालं असतं. त्याला विचारता आलं असतं."

"पैसे मोजलेत आईनं. चोरी आहे का ही?"

"चोरी नाही. पण शब्द दिलाय तिनं."

काकांनी कंपनीला रीतसर मेल पाठवली. पत्नी वारली असून एका बदकाचं डोकं शिल्लक आहे, तरी तेवढ्यापुरती परवानगी मिळावी. उत्तर लगेच आलं. आपली अडचण आम्ही समजू शकतो. मात्र सुरक्षेच्या कारणास्तव खातेदाराने स्वतः संपर्क साधावा.

मुलगी खो खो हसली आणि हसता हसता रडायला लागली. "राहू दे बाबा. बिनडोक्याचंच पांघरीन बाळाला."

काकूंनी कधी कुणाचं काम अर्धवट ठेवून परत दिलं नव्हतं.

सकाळी मुलगी डॉक्टरकडे गेली. काकांनी दोन्ही खुर्च्या शेजारी मांडल्या आणि नव्या अटी पुन्हा पहिल्या कलमापासून मोठ्यानं वाचल्या. वाचून झाल्यावर सवयीनं म्हणाले, "दाब."

शेजारची खुर्ची रिकामी होती. ते उठले, तिच्यात बसले आणि त्यांनी दाबलं. पडद्यानं विचारलं, खातेदार आपणच आहात ना? आयुष्यात त्यांनी एकाही लिफ्टच्या दाखल्यावर खोटी सही केली नव्हती. त्यांनी 'होय' दाबलं.

यंत्र खडखडलं आणि पिल्लाला डोकं आलं. काकांनी दुपटं सोडवलं, सुटलेले धागे कापले. मग सॉफ्टवेअर संगणकावरून काढून टाकलं, कारण परवाना संपला होता.

मुलगी परत आली. दुपटं हातात घेऊन तिनं पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

"मिळाली परवानगी?"

"मिळाली."

"कंपनीनं दिली?"

"नाही," काका चष्मा पुसत म्हणाले. "खातेदारानं."