ठकूबाईंनी माझा अंबाडा सोडवला

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. गणिताची मास्तरीण मी! पोरं म्हणायची, चिंचेवर हडळ आहे... मी म्हणायचे, असू दे, तिलाही पाढे म्हणायला लावा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्या कडा गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकते आले होते. मी रिटायर झालेली, हे जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा नोकरीला लांब. दिवसभर घरात आवाज म्हणजे फक्त स्टोव्हचा. एकदा आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणारे पार थकतात हो. त्यांना घडीभर सुटका द्यायला बसाल का जाऊन?" डिमेन्शिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे सरळ म्हातारचळ म्हणायचे. डॉक्टरांनी नियम एकच शिकवला — पेशंटशी वाद घालायचा नाही, त्याच्या जगात आपण जायचं. मी हो म्हटलं. सेवाबिवा काही नाही, घर खायला उठायचं म्हणून.

मला मिळाल्या ठकूबाई. एसटीनं अर्ध्या तासावर त्यांची वाडी. दिवाळीनंतर मी जायला लागले तेव्हा सगळी वाडी ऊसतोडीला गेलेली. दाराला कुलपं, मागे उरलेली म्हातारी माणसं आणि कुत्री. ठकूबाईंचा मुलगा आणि सून संगीता सांगलीकडे होते. संगीता पोटुशी होती, हे मला आबांनी, ठकूबाईंच्या नवऱ्यानं सांगितलं.

"पहिल्या खेपंचं गेलं तिचं," ते म्हणाले. "आता काय व्हतंय कुणाला ठावं... फोन तरी कुठं करावा?"

"मग पाठवली कशाला अशा अवस्थेत?" मी फटकन बोलले.

"कोयत्याला नवरा-बायकूची जोडी लागती, बाई. एकट्याला काम न्हाई."

मंगळवार-शुक्रवार दुपारी मी बसायचे, तेवढ्यात आबा झोप काढायचे. पाचच्या शेवटच्या गाडीनं मी परत. ठकूबाई एके काळी वाडीची सुईण. आता जेवलेलंसुद्धा आठवायचं नाही. मला रोज विचारायच्या, "तू कोणाची ग?" आणि खरं सांगते, त्याचं उत्तर मलाही सुचायचं नाही.

एका शुक्रवारी आबा औषध आणायला कड्याला गेलेले. घरात आम्ही दोघीच. तीनच्या सुमारास ठकूबाई झोपेतून ताडकन उठल्या. डब्यांची झाकणं काढली, पेटीची कडी काढली, खुंटीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली. बाळंतीण अडली की घरात काही बांधलेलं-झाकलेलं ठेवत नाहीत, ही जुनी रीत. मग माझ्यावर खेकसल्या, "केस सोड!"

"अहो, मी कशाला—"

"सोड म्हनते ना! लेकरू अडलंय!"

केस मोकळे टाकून मी कधी कुणासमोर गेलेली नाही. पण नियम आठवला... सोडला अंबाडा. त्यांनी मला गुंडाळलेल्या वाकळीपाशी, गोधडीपाशी बसवलं. "पाय धर. घट्ट." मी वाकळीचं टोक धरलं. हसू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचे हात इतके सराईत चालत होते की माझं हसू जिरलं.

"कूस बदल, संगे... भिऊ नको, मी हाय."

सुनेचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बऱ्याच वेळानं त्या हसल्या. "सुटली ग!" संपलं एकदाचं, म्हणून मी अंबाडा घालायला हात वर नेले, तर त्यांनी मनगट धरलं. "लेकरामागची वार पडली न्हाई अजून. पाय सोडशील तर मरंल ती."

तेवढ्यात पाचची गाडी आली, तीच कड्याला परत जाणारी. आबा उतरून दारात उभे. "बाई, गाडी चालली तुमची."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

अजून अर्धा तास गेला. मग त्या "पडली" म्हणाल्या आणि तिथंच झोपल्या. मी मुक्काम केला.

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोडीची टोळी परत आली. मी गेले तर संगीता दारात लेकरू घेऊन बसलेली. तिनं मला कधी पाहिलेलंच नव्हतं. मला बघून ती उभी राहिली.

"तुमी! आन् केस कावून बांधले? तवा तर मोकळे व्हते."

आबांचा तंबाखू मळता हात थांबला. ती सांगू लागली — पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ती एकटी, बाकी सगळे उसाच्या फडात. शुक्रवार होता, तिथल्या बाजाराचा दिवस. लेकरू झालं, पण वार पडेना, रगत थांबेना. "आत्या जवळच बसल्या व्हत्या, आन् ह्या पायाशी. दिवस मावळता बाया आल्या, तवर ह्यांनी पाय सोडला न्हाई माजा."

ठकूबाई शेजारीच बसल्या होत्या. लेकराकडे बघून म्हणाल्या, "कोणाचं ग हे?" मग माझ्याकडे वळल्या. "आन् तू कोणाची?"

"आपल्याच हायत त्या, आत्या," संगीता म्हणाली. मी अंगणात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, योगायोग. असेल बाबा! पण मग केसांचं काय? तिला कुणी सांगितलं? आबांनीही शपथेवर नाही म्हटलं. इतक्या वर्षांत मला हे गणित सुटलेलं नाही. त्या दिवशी मी थांबले ती काही मोठ्या मनानं नाही. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, एवढंच. कुणी असतं, तर मी पाचच्या गाडीनं गेले असते.