पाण्यातल्या महालाची किल्ली

मी गाव सोडलं तो रविवार होता, म्हणून माझे वडील, आण्णा, मला पोचवायला एसटी स्टँडवर आले नाहीत. रविवारी महाल बघायला माणसं येतात आणि राखणदारानं जागा सोडायची नसते, हा त्यांचा नेम. मग मीच बॅगा रिक्षात ठेवून महालावर गेले आणि त्यांच्या पाया पडले. आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी मला दगडी जिन्यानं वरच्या दालनात नेलं. खिडकीच्या कमानीपासून छताकडे एक भेग गेली होती.

"दिवाळीला नख जात हुतं," ते म्हणाले. "आता बोट जातंय. घालून बघ."

मी बोट घातलं. आत गार होतं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "कुणाला तरी कळवा, आण्णा," एवढं म्हणून मी उतरले आणि इंग्लंडला निघून आले.

आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, चहूबाजूंनी ऊस. निजामशाहीतल्या कुणा सरदारानं तळं खोदून त्याच्या मधोमध दुमजली महाल बांधला, म्हणून त्याचं नाव पाण्यातला महाल. माझ्या लहानपणी त्या तळ्यात पाण्याचा थेंब नव्हता, नुसत्या बाभळी. शेळ्या चरायच्या, वरच्या दालनात शेकड्यानं वटवाघळं लोंबायची. महिन्यातून एखादं कुटुंब वाट चुकल्यासारखं यायचं. आण्णा रोज सकाळी आठला कुलूप काढायचे आणि खालपासून वरपर्यंत झाडायचे. "दगडापायी मानूस येडं झालंय," असं आई म्हणायची, पण डबा मात्र वेळेवर पाठवायची.

मी इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी गावात उद्यान समिती झाली आणि महालासकट आण्णांची नोकरीही तिच्याकडे गेली. बाभळी गेल्या. महालाभोवती हिरवळ आली, कारंजं आलं, सिमेंटची हरणं आली, गावाच्या नावाची मोठाली लाल अक्षरं आली. शिर्डीला जाणाऱ्या बसगाड्या थांबायला लागल्या. माझा धाकटा भाऊ दत्ता पुण्यात एका कंपनीत हेल्पर होता. तो परत आला आणि त्यानं फाटकाशी भेळ-मिसळीचं हॉटेल टाकलं. व्हिडिओ कॉलवर तो मला बाग दाखवायचा. गावाला जत्रेची कळा आली होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. आपण गेलो तरी मागे काही ओस पडलं नाही, असं वाटायचं. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना हे समाधान ठाऊक असेल.

आण्णा फोनवर वेगळंच सांगायचे. "काळी माती हाय ही. पानी पिली की फुगती, उन्हाळ्यात आकसती. समितीवाले पावसाळाभर, हिवाळाभर हिरवळीला नळ्या सोडत्यात आन उन्हाळ्यात टँकर परवडत न्हाई म्हनून बंद करत्यात. पाया हलतोय." त्यांनी भेगेवर काचेच्या पट्ट्या चुन्यानं चिकटवल्या होत्या. भिंत हलली तर काच तडकते, हे त्यांना कधीकाळी पाहणीला आलेल्या एका साहेबानं शिकवलं होतं. एक पट्टी तडकली. मग दुसरी. मग जिन्यावरचं दार, जे कधी अडकलं नव्हतं, ते खांदा लावल्याशिवाय उघडेना. झाडताना रोज सुपलीभर चुना निघायला लागला. त्यांनी समितीला तीन अर्ज दिले. उत्तर आलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा ते म्हणाले, "सुमे, वटवाघळं गेली."

"लाईटमुळे गेली असतील. समितीनं आता फोकस लावलेत ना."

"लाईट लावून दोन वर्सं झाली. ही आठ दिवसात गेली. एकबी ऱ्हायलं न्हाई."

मी शिफ्टला निघाले होते. इथल्या केअर होममध्ये मी नर्स आहे, म्हातारी माणसं सांभाळते. कुणी अचानक जेवण सोडलं, कुणी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलं, की ते आम्ही पुढच्या शिफ्टसाठी हॅन्डओव्हरमध्ये लिहितो. असल्या बारीक खुणांचा अर्थ काय असतो हे मला पगार देऊन शिकवलंय. आण्णांच्या खुणा मात्र मी ऐकल्या आणि बस पकडली.

इथल्या गावातही एक जुनं पडकं चर्च आहे. भोवती साधी दोरी आणि पाटी: दगड सैल आहेत. दोरी मांडीइतकी उंच, पण सात वर्षांत ती ओलांडताना मी कुणाला पाहिलं नाही. आण्णांनीही जिन्याला दोरी बांधली होती. दत्तानं मला ती दोरी फोटोत दाखवली. पोरं तिच्यावर झोके घेत होती.

डिसेंबरात ॲन्युअल लीव्ह टाकून मी घरी गेले. आण्णा वाळले होते. पहिल्याच सकाळी म्हणाले, "चल, वर दाखवतो." मी म्हटलं, उद्या. जेट लॅग होता. दुसऱ्या दिवशी बहिणी-भाच्यांचा गोतावळा. तिसऱ्या दिवशी शाळेच्या सहली आल्या, चार बसगाड्या.

मी दत्ताच्या हॉटेलात चहा पीत होते. फाटकाशी गलका वाढला म्हणून गेले. महालाच्या दाराला कुलूप, आणि पायरीवर आण्णा, किल्ली मुठीत. समोर रांगा करून उभी पोरं, घामेजलेले मास्तर आणि समितीचे अध्यक्ष.

"चारशे वर्षं उभा आहे हा, आण्णा," अध्यक्ष म्हणाले. "आजच पडणार आहे का?"

"आज का उद्या, ते म्या सांगू शकत न्हाई. पन आत कुनी जायचं न्हाई."

"तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"न्हाई. म्या झाडतो."

लोक हसले. दत्ताचा चेहरा पडला. चार बसगाड्यांची मिसळ त्यानं पहाटेपासून करून ठेवली होती, आणि महाल बंद अशी बोंब झाली की पुढच्या बसगाड्या थांबणार नव्हत्या. तो माझ्याकडे वळला. "ताई, तू सांग की ह्यांला. तुझं ऐकतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटत होती. ती भेग आता केवढी झाली आहे हे मी पाहिलंही नव्हतं. तरी मी म्हटलं, "आण्णा, देऊन टाका किल्ली. तमाशा नको."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही; अनोळखी माणसाकडे बघतात तसं. मग उठले, किल्ली कोपरीच्या खिशात घातली आणि उसातल्या पायवाटेनं घराकडे निघून गेले.

कुलूप जुनं, जाडजूड. ते कापायला माणूस येईपर्यंत मास्तर कंटाळले आणि पोरांचे हिरवळीवर फोटो काढून शिर्डीला गेले. संध्याकाळी आण्णांच्या हातात कागद आला, कामावरून कमी केल्याचा. त्यांनी सही केली, किल्ली दिली आणि माझ्या बाजूनं आत निघून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात होतो. आई भाकरी थापत होती, आण्णा चहाची बशी धरून बसले होते. एकाएकी उसातून बगळ्यांचा थवा उठला, आणि मागोमाग आवाज आला. धडाका नव्हता तो. गाडीभर खडी हळूहळू ओतावी तसा, लांबलचक, थांबेल असं वाटावं तोवर पुन्हा सुरू होणारा. आण्णांच्या हातातली बशी हलली नाही.

"वरचं दालन," ते म्हणाले. "आन जिना."

थोड्या वेळानं दत्ता धावत आला, डोक्यापासून पायापर्यंत चुन्याच्या धुळीनं पांढरा. हॉटेल उघडत असताना त्यानं ते डोळ्यांसमोर पडताना पाहिलं होतं. साडेआठची वेळ. सव्वीस वर्षं त्या वेळी आण्णा वरच्या दालनात झाडत असत. त्यांना कामावरून काढलंय हेच तो घाबरून विसरला होता, आणि "आण्णा, आण्णा" करत हातांनी दगड उपसत बसला होता. बोटं रक्तानं भरली होती. आण्णांना अंगणात बघून तो लहान मुलासारखा रडला. आण्णांनी बशी खाली ठेवली आणि त्याची बोटं धुतली.

आत कुणी नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही.

आता तिथं पत्रे लावलेत. कारंजं बंद आहे, हिरवळ वाळली आहे. दत्तानं हॉटेल हमरस्त्याला नेलं, चालतं बऱ्यापैकी. आण्णांना कुणी परत बोलावलं नाही आणि तुमचं खरं होतं असंही कुणी म्हटलं नाही. खालचं दालन अजून उभं आहे. त्याचंही काही खरं नाही, असं आण्णा म्हणतात, आणि आता ते असं म्हणाले की मला भीती वाटते.

परत आल्यावर बरेच दिवस मी धीर गोळा करत होते. एका कॉलवर म्हटलं, "आण्णा, त्या दिवशी माझं चुकलं."

ते म्हणाले, "तू पाव्हनी हुतीस, सुमे. पाव्हन्याला घराचा आवाज ऐकू येत न्हाई. त्यात तुझी चूक न्हाई."

त्यांनी मला माफ केलं होतं, आणि त्याच वाक्यात मला घराबाहेरही ठेवलं होतं. ते त्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही.

मागे राहिलेल्यांना एवढंच सांगायचंय, की आम्ही चार दिवस येतो तेव्हा आमचं ऐकू नका. आणि माझ्यासारखे जे गेलेत त्यांना सांगते, घरी गेल्यावर पहिल्या सकाळी कुणी "चल, दाखवतो" म्हटलं, तर जा. मी आता उन्हाळ्यात दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली आहे. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "ये की. पन लवकर ये."

एवढंच म्हणाले. का, ते मी विचारलं नाही.