बाबू चितपट व्हावा म्हणून

आम्ही तिघं, म्हणजे गजा, दिगू आणि मी, अजून भेटलो की चहा गार होतो आणि बाबूचाच विषय निघतो. बाबूचे किस्से कुणी जमवले नाहीत, ते आपोआप साठत गेले. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, पण शाळेत बाबूचंच राज्य होतं.

वर्गात तालमीला न जाणारे आम्ही तिघंच. कोल्हापुरात पोरानं तालमीत न जाता पुस्तक वाचत बसणं म्हणजे घराण्याला बट्टा! बाबू तालमीतला. नवा डाव शिकला की मधल्या सुट्टीत तो आमच्यावर करून बघायचा. गजा सगळ्यात हलका, म्हणून सगळ्यात जास्त उचलला जायचा. एकदा बाबूनं त्याला तालमीत ओढून नेलं आणि त्याचा चष्मा काढून तिथल्या लाल मातीत टाकला.

"हुडक, ढापण्या. हुशार हाईस न्हवं?"

गजा रांगत माती चाळत होता आणि पोरं हसत होती. तो रडला नाही. ते बघून मलाच रडू आलं.

* * *

मग आमच्या सुडाच्या बैठका सुरू झाल्या. दिगू हुपरीचा, घरी चांदीचं काम. तो म्हणाला, "मी बाबूला पैंजण घालून अख्ख्या राजारामपुरीतनं नाचवणार."

मी इंजिनिअर होऊन राधानगरीच्या धरणाचं पाणी सोडणार होतो, बाबू पंचगंगेत पोहत असताना.

दिगू काळजीत पडला. "माझी आत्या ऱ्हातीया की नदीकाठाला."

बराच विचार झाला. आधी आत्याला हलवायचं ठरलं.

गजाचं मागणं साधं होतं. तो रोज शाळेआधी अंबाबाईला जाऊन सांगायचा, "बाबूला एकदा चितपट झालेला बघू दे."

* * *

देवीला उशीर होतोय असं वाटून दिगूनं जमालगोट्याची पुडी पैदा केली. बाबू रोज सकाळी दूधकट्ट्यावर जाऊन दूध प्यायचा, त्यात ती टाकायची. आम्ही गेलो.

आता कट्ट्यावर म्हशी दारातच उभ्या असतात आणि धार थेट गिऱ्हाइकाच्या हातातल्या पेल्यात पडते, हे आम्ही तिघंही जन्मापासून बघत आलेलो. तरी योजना आखताना एकालाही आठवलं नाही! बाबूनं पेला हातातून सोडलाच नाही. फेसासकट एका दमात रिकामा. मग त्याची नजर आमच्यावर गेली.

"दूध प्याला आलासा व्हय? आरं मग लाजताय कशाला? मामा, ह्यास्नी मोठं पेलं द्या."

बाबू समोर उभा राहून पाजत होता. नाही म्हणायची सोय नव्हती. चहावर वाढलेली आमची पोटं, त्यांना ते निरसं दूध कुठलं सोसतंय? दोन दिवस शाळा बुडली. पुडी दिगूच्या खिशात तशीच होती.

* * *

शेवटी जत्रेच्या मैदानात बाबूची कुस्ती लागली, सांगलीकडच्या एका दांडग्या गड्याशी. गजानं आम्हाला ओढतच नेलं आणि पार पुढं बसवलं. "आज बघायचंय मला," एवढंच म्हणाला.

हलगी कडाडत होती. बाबू चांगला लढला, पण त्या गड्यानं त्याला उचलला आणि पाठीवर आपटला. पंचानं त्या गड्याचा हात वर केला. मी गजाकडं वळलो तर जागा रिकामी.

गजा आखाड्यात. धावताना चष्मा कुठं पडला त्याचं भान नाही, आणि पंचाचा सदरा धरून ओरडतोय, "पाठ टेकली न्हाय! एक खांदा वर हुता! मी बघितलंय!"

पंच म्हणाला, "तू कोण रं ह्याचा?"

गजानं सदरा आणखी घट्ट धरला. इकडं मैदान हसायला लागलेलं. बाबू अजून मातीत उताणाच होता.

"टेकलीया पाठ, ढापण्या," तो म्हणाला. "गप की आता."

मग तो उठला. वाकून मातीत हात फिरवत राहिला, चष्मा सापडेपर्यंत. पुसायला अंगावर कोरडं काहीच नव्हतं, म्हणून तसाच, लाल मातीसकट, त्यानं तो गजाच्या नाकावर बसवला.