आण्णांची गाऱ्हाणी

आण्णांनी तक्रार करायचं बंद केलं, तेव्हाच मी ओळखलं होतं, आता काही खरं नाही. मुरूमच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले होते. डोक्यावरचा पंखा खडखड वाजत होता, चहा पार गार होऊन आला होता, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे लग्नघरात बसल्यासारखे मोठमोठ्यानं बोलत होते, आणि आण्णा गप्प. मी विचारलं, "आण्णा, कसं वाटतंय?" तर म्हणाले, "बरं हाय कमल." अहो, बरं हाय! मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून त्या तोंडातून हा शब्द ऐकला नव्हता. बाहेर येऊन मी पुतण्याला म्हणाले, "मिलिंद, डॉक्टरला बोलाव. आण्णा बरं हाय म्हणतायत." त्याला वाटलं, काकूचंच काही तरी बिनसलंय. त्याच आठवड्यात, इकडं नळदुर्गला, आम्ही आता राहतो तिथं, सकाळी चहाचं आधण ठेवत होते आणि फोन वाजला. मिलिंद नुसता "काकू…" म्हणाला. मी गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले.

महिना होत आला आता आण्णांना जाऊन. आण्णा म्हणजे माझे थोरले दीर. ह्यांच्याहून बऱ्याच वर्षांनी मोठे, त्यामुळं बापाच्या जागी. नाव दशरथ, पण सगळा गाव आण्णाच म्हणायचा, आणि पाठीमागं म्हणायचा 'गाऱ्हाणं'. "गाऱ्हाणं आलं बघ," असं पारावर कुणी कुजबुजलं की समजायचं, आण्णा वळणावर दिसले. भाकरी पातळ झाली तर तक्रार, जाड झाली तर तक्रार. सून म्हणून नवीन होते तेव्हा मला रडू यायचं. जाऊबाई मला हसून म्हणाल्या होत्या, "अगं, ते बोलतात तवर जेवतात. बोलायचे थांबले की समज, पोटात काय तरी दुखतंय." मला तेव्हा ते नुसतं थट्टेचं वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी सोसायटीनं आमच्या भागात डिझेल इंजनं दिली. आमच्या वस्तीत जमीन असलेली घरं थोडी, त्यातलं एक आमचं. त्यामुळं इंजन दारात आलं त्या दिवशी आजूबाजूची माणसं पोराचं बारसं असल्यासारखी जमली होती. पण इंजन मिळालं आणि माणसांची झोप गेली. कुणाचं सुरूच होईना, कुणाचं धूर नुसता ओकतंय, कुणाच्या पाइपाच्या टोकाची झडप, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात, ती गाळानं गच्च झालेली. मुरूमच्या बाजारादिवशी सोसायटीच्या गोदामासमोरच्या लिंबाखाली अशा सगळ्या इंजनवाल्यांची बैठक आपोआप भरायला लागली. कुणी बोलावलेली नाही, कुणी अध्यक्ष नाही. जो तो आपलं रडगाणं सांगायचा आणि दुसरा त्यावर इलाज सांगायचा. अर्धे इलाज खरे, अर्धे हवेतले. आण्णा तिथं न चुकता जायचे. घरी येऊन मला म्हणायचे, "त्या लिंबाखाली बसलं की वाटतं, साऱ्या तालुक्यात एक इंजन धड न्हाय. ज्याचं बरं चाललंय तो कशाला यील मरायला तिथं?"

एक माणूस मात्र यायचा. विश्वनाथराव. त्यांचं रान आमच्या रानाला लागून, बांधाला बांध. गोरेपान, भरल्या अंगाचे, आणि सदा हसतमुख. त्यांची कसलीच तक्रार नसायची. इंजन कसं आहे? एक नंबर. पाणी? भरपूर. पीक? डोळं निवतील असं. रडणाऱ्यांच्या त्या घोळक्यात एकटा हसणारा माणूस, मग लोक त्याचं ऐकणार नाहीत तर कुणाचं? विश्वनाथराव बोलायला लागले की लिंबाखालची माणसं गप्प व्हायची. आण्णांना त्यांचा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. "ज्याला कायच दुखत न्हाय त्या माणसाची मला भीती वाटते," असं ते एकदा ह्यांना म्हणाले, आणि हे हसले होते.

मग तो उन्हाळा आला. बाया-बापड्या खडी फोडायला सडकेवर, पोरांच्या हातात सरकारनं खायला वाटलेल्या सुकडीची पुडकी, आणि विहिरींचं पाणी रोज थोडं थोडं खाली. इंजन काठावर ठेवून पाणी ओढायचं तर त्याला हद्द असते. पाणी त्या हद्दीखाली गेलं की इंजन नुसतं फडफडतं, पाइपातून हवा येते. आमच्या रानात मिरची उभी होती. दुष्काळात हिरवी दिसणारी तेवढीच एक चीज. आणि अशात विश्वनाथरावांनी लिंबाखाली सांगितलं, "अरे, इंजनच खाली न्यायचं! हिरीच्या आतनं अंगाला टप्पा खोदायचा, त्यावर इंजन बसवायचं. म्या बसवलंय. पाणी कसं धो धो येतंय, या बघाया." लोक बघायला गेले. पाणी खरंच धो धो येत होतं. महिन्याभरात त्या भागातल्या किती तरी विहिरींत टप्पे खोदले गेले, आणि त्यात आमचीही विहीर होती. ह्यांनीच खोदला. दोरखंडानं इंजन खाली सोडताना निम्मी वस्ती हात लावायला आली होती.

पहिल्या दिवशी इंजन सुरू करायला आण्णा उतरले. वर आले ते भिंतीला धरून. काठावर बसले आणि उलटी केली. मग सुरू झालं त्यांचं. डोकं ठणकतंय, पायातलं बळ गेलंय, कानात घुं घुं होतंय, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. आम्हाला वाटलं, झालं, आण्णांना नवीन गाऱ्हाणं मिळालं. ऊन लागलं असेल, पोट रिकामं असेल, दुष्काळात कुणाचं डोकं ठणकत नव्हतं? दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा वर आले आणि ह्यांना म्हणाले, "माणिक, इंजन वर काढ. त्याचा धूर हिरीतच बसतोय. वर यायला त्याला वाट न्हाय." हे म्हणाले, "मग मिरची?" आण्णा म्हणाले, "जाऊ दे मिरची." दोघा भावांचं त्या दिवशी जे भांडण झालं ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. आण्णांनी शेवटी चार माणसं बोलावून इंजन वर काढलंच. मिरची आठवड्यात करपली. मला आण्णांचा असा संताप आला होता म्हणून सांगू! आणि उगाच नव्हता आला. डोळ्यांदेखत पीक गेलं, सगळं वर्ष गेलं. बांधापलीकडं विश्वनाथरावांची मिरची हिरवीगार डोलत होती, ती रोज दिसायची.

आण्णा बाजारी गेले आणि लिंबाखाली उभे राहून त्यांनी सांगितलं, इंजनं वर काढा. कोण ऐकतंय? "आण्णा, इंजन रडतंय का तुमीच रडताय?" असं कुणी तरी म्हणालं आणि हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, हिरीतल्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, खवळल्या असतील, त्यांना खण-नारळ द्या. आण्णा भडकले. "आसरा डिझेल पीत न्हाईत!" त्यावर तर लोक पोट धरून हसले. विश्वनाथराव मात्र हसले नाहीत म्हणे. त्यांनी आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आण्णा, म्या रोज उतरतो. मला काय झालंय का? बघा माझ्याकडं." लोकांनी बघितलं. हसरा, भरल्या अंगाचा माणूस. मग झालंच. त्या बाजारानंतर राहिलेल्यांनीही टप्पे खोदले.

पुढचा बाजार यायच्या आधीची गोष्ट. ऊन वर आलं होतं. बांधापलीकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही सगळे धावलो. विश्वनाथराव इंजन बंद करायला उतरले होते ते वर आलेच नाहीत. त्यांना आणायला धाकटा भाऊ उतरला, तोही नाही. खाली इंजन तसंच चालू. काठावर माणसं नुसती ओरडत होती, आणि विश्वनाथरावांची बायको कौसाबाई काठाशी पालथी पडून खाली हाका मारत होती. खालून कुणी ओ देत नव्हतं. मी बघते तर ह्यांनी कमरेला दोर बांधलेला आणि एक पाय आत टाकलेला. मी त्यांच्याकडं धावले. तेवढ्यात आण्णा आले. आले ते सरळ ह्यांच्यावरच. दंड धरून मागं ओढलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. भाऊ वयात आल्यापासून कधी हात उचलला नव्हता. "कुणीबी उतरायचं न्हाय!" काठावर दोन्ही हात पसरून उभे राहिले. लोक शिव्या द्यायला लागले. खाली माणसं मरायला लागलीत आणि हा वाट अडवतो? कुणी म्हणालं, ह्याला विश्वनाथचं वाईटच बघायचंय. एकानं तर जातीवरून सुनावलं. आण्णा हलले नाहीत. इंजन आपोआप बंद पडेस्तोवर त्यांनी एकालाही जवळ येऊ दिलं नाही. मग लिंबाचे मोठे डहाळे तोडून आणले, दोराला बांधून विहिरीत खाली-वर, खाली-वर ओढायला लावले, वरून पाण्याच्या घागरी ओतायला लावल्या, आतली हवा हलावी म्हणून. त्यानंतर स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि पहिले तेच उतरले.

दोघंही गेले होते. विश्वनाथरावांचा चेहरा मी बघितला. लालसर, टवटवीत, झोपल्यासारखा. मेलेल्या माणसाचा चेहरा असा कधी बघितला नव्हता; इंजनाच्या धुरानं तसं होतं, हे फार पुढं कळलं. अजून कधी तरी तो डोळ्यांपुढं येतो आणि मग मला त्या दिवशी काही करायला सुचत नाही.

त्यानंतर पंधरवड्यात सगळ्या विहिरींतली इंजनं वर आली. कुणाला सांगावं लागलं नाही. लोक आण्णांना भेटायला यायचे, म्हणायचे, "आण्णा, तुमचंच खरं झालं." तर आण्णा अंगावर धावून यायचे. "खरं होऊन काय उपेग झाला? चालते व्हा!" त्यांना शाबासकी सहन व्हायची नाही. मला वाटायचं, लोकांनी ऐकलं नाही त्याचं दुःख आहे, जाईल हळूहळू. गेलं नाही. पुढं वीज आली, मोटारी आल्या, लिंबाखालची बैठक मोडली. सोसायटीची नवी माणसं आली. आण्णा तरीही बाजारादिवशी तिथं जाऊन बसायचे, आणि कुणी सगळं झकास आहे म्हटलं की त्याच्याकडं असे टक लावून बघायचे की माणूस चुळबुळत उठून जायचा. विश्वनाथरावांच्या रानाकडच्या वाटेनं मात्र ते कधी गेले नाहीत. लांबचा वळसा घालून जायचे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असला तरी.

आमच्या बौद्धांत माणूस गेल्यावर जलदान विधी करतात. वस्तीतल्या आमच्या घरी त्या दिवशी अंगण भरलं होतं. पांढरी वस्त्रं, वंदना झालेली, आण्णांच्या फोटोपुढं मेणबत्त्या. हे भिंतीला टेकून बसले होते, रडून रडून डोळे सुजलेले. फाटकाशी एक म्हातारी काठी टेकत आली. मी ओळखलं नाही. मिलिंदनं ओळखलं, "काकू, कौसाबाई." इतक्या वर्षांत त्या आमच्या वस्तीत कधी आल्या नव्हत्या. मी त्यांना आत घेतलं, सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि माझा हात धरून ठेवला.

"तुला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणालाच म्हाईत न्हाय. मालक गेले त्याच्या आधल्या बाजारावरून आण्णा सरळ माझ्या दारात आले होते. आत या म्हणायची तवा रीत नव्हती, म्हणून भाईरच उभे राहिले. मालक घरी नव्हते. मला म्हणाले, 'वहिनी, गडी माणूस बाजारात खरं बोलत न्हाय. तुमी सांगा. विश्वनाथरावांचं डोकं दुखतंय का?'"

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले. अंगणातली माणसं आमच्याकडं वळली.

"रोज दुखायचं, बाई. सांजच्याला येऊन डोक्याला फडकं करकचून बांधायचे आन् भिताडाकडं तोंड करून पडायचे. जेवणबी जात नव्हतं. पर मला म्हणायचे, कुणाला बोलू नगं, साऱ्या पंचक्रोशीनं माझं ऐकून इंजनं उतरवलीत, आता म्या कोणत्या तोंडानं सांगू?… म्हणून म्या आण्णांला म्हणले, 'न्हाय भाऊ. समदं बेस हाय.' ते बराच येळ उभे होते. परत इचारलं, 'नक्की?' म्या म्हणले, 'व्हय, नक्की.' मग गेले. त्यांनी हे कुणापाशी काढलं न्हाय. मला कधी बोल लावला न्हाय."

हे भिंतीपासून उठून पुढं आले होते. त्यांनाही माहीत नव्हतं. सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं आण्णांनी. जगापुढं त्या बाईचं नाव येईल म्हणून सगळा जन्म तोंड शिवून घेतलं, आणि आम्ही मात्र त्यांना गाऱ्हाणं म्हणत राहिलो. मी पदर तोंडात धरला.

कौसाबाई काठीवर भार देऊन उठल्या. कुणाचा आधार घेतला नाही. फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या, डोईवरचा पदर सारखा केला, आणि फोटोतल्या आण्णांना अंगणातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आण्णा, दुखत होतं हो त्यांचं डोकं."