नकाशातली झाडं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आता पत्र्याचं गोदाम आहे, तीन मजले उंच. बांधण्याआधी गोदामवाल्या कंपनीच्या साहेबांनी सोसायटीच्या बैठकीत नकाशा दाखवला होता. त्यात कुंपणालगत हिरव्या गोलांची दाट रांग होती. "गोदाम तुम्हाला दिसणारसुद्धा नाही," असं ते म्हणाले होते. नकाशातल्या झाडाला पाणी लागत नाही, वाढायला वर्षंही लागत नाहीत. प्रत्यक्षात त्यांची माणसं गुडघ्याएवढी रोपं लावून निघून गेली.

तळमजल्यावरच्या सुलभाताई रोज कुंपणातून हात घालून त्या रोपांना तांदूळ धुतलेलं पाणी घालतात. आज मी वैतागून विचारलं, "त्यांची झाडं तुम्ही का जगवता?"

"झाडं त्यांची असतील, खिडकी माझी आहे."

सुलभाताईंना पंच्याहत्तरावं लागलंय. मी चरफडत घरातून बादली भरून आणली.