शालूकाकूंची पाठ

शालूकाकू कुणाच्या घरी बसत नसत. आपण 'या, बसा' म्हणतो, त्यातलं 'या' तेवढं त्या ऐकायच्या.

लग्न होऊन मी ग्वाल्हेरला आले, ती पाटणकर बाजारामागच्या एका गल्लीत. पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातून काकू मला भेटायला आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, ताठ मान. मी खुर्ची पुढे केली. "राहू दे ग, मी उभीच ठीक आहे," म्हणाल्या आणि चांगला अर्धा तास उभ्यानेच बोलल्या. त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "केवढा हा तोरा!" तो म्हणाला, "त्यांच्या सासरचे पूर्वज दक्षिणेतून इकडे घोडदळात आले होते." जसं काही त्याने सगळा उलगडा होतो. पूर्वज घोड्यावर बसले म्हणून सुनेने खुर्चीवर बसू नये, हे मला काही पटलं नाही.

खरं कारण पुढे एका दुपारी कळलं. वाटीभर आमटी द्यायला गेले तर दार नुसतं लोटलेलं. आत काकू उघड्या फरशीवर उताण्या पडल्या होत्या, गुडघे वर घेतलेले आणि पदराचा बोळा दातांत धरलेला. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण उठवेना. पदर काढून पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "गल्लीत कुणाला सांगू नको हं."

बसलं की त्यांच्या कमरेतून कळ उठायची आणि डाव्या पायात उतरायची. उभं राहिलं, चाललं, की निदान सोसवायची. म्हणून त्या बसत नव्हत्या, आणि म्हणूनच रोज सकाळी फूलबागेला फेऱ्या मारायच्या. गल्लीला मात्र त्यात वेगळंच दिसायचं. "काकूंची तब्येत बघा, ह्या वयात आपल्याला जमेल का?" असं बायका कौतुकाने म्हणायच्या. काका कधीच गेलेले, मुलगा हैदराबादला. तो फोनवर विचारायचा, "आई, कशी आहेस?" आणि काकू म्हणायच्या, "एकदम मजेत. तू परेशान नको होऊ."

त्या दिवसापासून डॉक्टरकडे जाताना मी सोबत जायला लागले. काकूंची तयारी बघण्यासारखी असे. ठेवणीतली साडी, पावडरचा हलका हात, धुतलेला रुमाल. मी म्हणायची, "काकू, आपण लग्नाला नाही चाललो." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "डॉक्टरकडे काय रडतोंड घेऊन जायचं? दुखणं आपलं असतं, चेहरा समोरच्याला बघावा लागतो." इंदरगंजच्या दवाखान्यापर्यंतचा ई-रिक्षाचा रस्ता म्हणजे खड्ड्यांची ओळच. प्रत्येक खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतायची. दवाखान्यात उतरलं की साडीच्या निऱ्या ठीक करून त्या हसऱ्या चेहऱ्याने आत शिरायच्या.

नंबर लागेपर्यंत त्या भिंतीपाशी उभ्या आणि मी बाकावर. एकदा डॉक्टरांनी सरळ माझ्याकडेच बघून विचारलं, "हाँ जी, क्या तकलीफ़ है आपको?"

"मरीज़ मैं हूँ, डॉक्टर साहब," काकू म्हणाल्या. "आप कैसे हैं? सुबह से बैठे हैं, थक गए होंगे."

डॉक्टर खूश झाले. "अरे माताजी, आप तो हमसे ज़्यादा फिट हैं!"

झालं. आता ह्यापुढे कुठून कळ सांगायची? काकूंनी "थोड़ा कमर में दर्द रहता है" एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली, उम्र के हिसाब से नॉर्मल है म्हणाले, आणि वजन कमी करायला सांगितलं. काकूंच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं. पण त्यांच्याकडे बघितलं होतंच कुणी? मला असा संताप आला होता! बाहेर आल्यावर म्हटलं, "रात्रभर झोप नाही, हे का नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "इतका बिचारा हसून बोलत होता. त्याच्यासमोर काय रडू?"

डॉक्टर बदलले. मशीनच्या बोगद्यात जाऊन आल्या, कमरेला पट्टा आला, शेक झाले, गोळ्यांनी पोट बिघडलं. प्रत्येक नवा डॉक्टर आधीच्याच्या गोळ्या बंद करायचा आणि तेच पुन्हा सांगायचा, रिपोर्ट में कुछ नहीं है. मुलाला फोनवर काकू तेवढंच सांगायच्या, तपासण्या झाल्या, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत.

मग एके सकाळी त्या माझ्या दारात आल्या त्या चुरगळलेल्या साडीत, केस तसेच. "आज मी अशीच चालते. आज सगळं सांगते." आणि खरंच सांगितलं. डॉक्टरांच्या टेबलाला धरून, हिंदी अपुरी पडली तिथे मराठीत, कळ कुठून निघते, कशी चावते, नहाणीत वाकताना जीव कसा जातो ते सगळं. बोलता बोलता रडायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते. डॉक्टरांनी मुकाट्याने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "घर में कोई टेंशन है? अकेली रहती हैं क्या?" आणि मन शांत राहण्याची गोळी लिहून दिली.

परत येताना फूलबागेपाशी त्यांनी रिक्षा थांबवली. उतरून रेलिंगला धरून उभ्या राहिल्या. "बघ ग," म्हणाल्या, "नीट गेली तर दुखत नाही म्हणतात. रडत गेली तर डोकं बिघडलं म्हणतात. मग जाऊ तरी कशी?"

 

त्यानंतर त्या कुठल्याच डॉक्टरकडे गेल्या नाहीत. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात यायच्या, ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. मी भाजी चिरता चिरता विचारायची, "आज कळ कशी आहे?" आणि त्या मला खरं सांगायच्या. "आज कुत्र्यासारखी मागे लागली आहे," किंवा "आज जरा रहम आहे." मी काही करू शकत नव्हते, मला फार वाईट वाटायचं. एकदा तसं बोलले तर म्हणाल्या, "तू खोटं समजत नाहीस ना? बस, मग." आणि चहा पिऊन गेल्या.

गेल्या हिवाळ्यात सकाळी पूजेची फुलं तोडताना त्या कोसळल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जो तो मुलाला एकच सांगत होता, "भाग्यवान होत्या, शेवटपर्यंत ठणठणीत. कधी कसली तक्रार नाही." तो मान हलवत होता. त्याला त्या शब्दांचा आधार वाटत असावा, हे मला दिसत होतं. तरी मला राहवलं नाही.

"त्यांची पाठ दुखायची," मी म्हटलं. "फार दुखायची. वर्षानुवर्षं."

 मुलगा माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "पण रिपोर्ट तर सगळे नॉर्मल होते ना?"

"होते," मी म्हटलं. "तरी दुखायची."