भोंग्याचा शनिवारचा फोन

आमच्या गल्लीत कुणाला हाक मारायची असली की लोक भोंग्याला सांगत. तो ओट्यावर उभा राहून एकदा ओरडला की माळावर शेळ्या राखणारासुद्धा घराकडे वळायचा. कोरेगावच्या बाजारात एकदा त्याने मला हाक मारली, तर माझ्याच नावाचे तिघे अनोळखी हजर! असा हा भोंगा तुरुंगात गेला आणि आमची गल्ली मुकी झाली.

गेला तो अपघातापायी. उसाची ट्रॉली नेणाऱ्या प्यालेल्या ड्रायव्हरने सायकलवाल्याला उडवले, माणूस जागीच गेला. भोंगा पोलिसांत जाऊन म्हणाला, "ट्रॅक्टर मी चालवत व्हतो." आता, या गड्याला ट्रॅक्टर फार तर सुरू करता येई, वळवायची वेळ आली की तो खाली उतरून दुसऱ्याला बसवी! चालवत होता त्याचा थोरला भाऊ. गल्लीला शंका होती, पण दोघे भाऊ एकच सांगत राहिले. खरे भोंग्याने मला एकट्याला सांगितले, वर शपथ घातली. "दादाला शुगर हाय, आत टिकायचा न्हाई. माझी पोरं तो बघतो म्हणालाय. तू त्वांड उघडलंस तर बघ!" बायको आधीच वारलेली. राणी सातवीत होती, ओंकार अंगणवाडीत.

तुरुंगातून आठवड्याला एक फोन करता यायचा. थोरला म्हणाला, "माझ्या नंबरावर तसला फोन नगं बाबा. पाव्हणं काय म्हणतील?" म्हणून माझा नंबर दिला गेला आणि दर शनिवारी पोरे येऊन बसली की आमच्या पुढच्या सोप्याचे नाट्यगृह व्हायचे. मोबाईल मी पितळी पातेल्यात ठेवी, आवाज घुमायला. भोंग्याला त्याची गरज नव्हती, पण मला हौस!

मिनिटे मोजकी, पण त्यात तो अख्खा बाप बसवायचा. आधी रागावून घ्यायचा.

"ओंक्या, काय केलंयस रं?"

"काय न्हाई, पप्पा."

"मग म्होरच्या आठवड्याचं आत्ताच ऐकून ठेव!"

मग पाढे, मग जेवणाची चौकशी आणि शेवटी लाड. मी एकदा म्हटले, "लेका, लाड आधी कर की." तर म्हणाला, "लाडात फोन तुटला तर चालतंय. रागात तुटला तर पोरं आठवडाभर झुरत्यात, गड्या."

राणी दहावीत असताना एका शनिवारी उंबऱ्यातच उभी राहिली. सकाळी काकाने भांडणात तिला ऐकवले होते, "तुझ्या बापानं दारू पिऊन माणूस मारला आन पोसतोय मी!" ती पातेल्यापाशी आली.

"पप्पा, तुमी दारू पिऊन चालवत व्हता?"

भोंग्याने जन्मात दारूला हात लावला नव्हता. मी नाही-नाही म्हणून हात हलवले. फोनला ते दिसणार होते थोडेच! पण पोरे थोरल्याच्या घरात जेवत होती. खरे सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर आली असती. पलीकडून पातेल्यातही घुमणार नाही असा आवाज आला, "व्हय."

राणी पुन्हा फोनला आली नाही. तिच्या वाट्याची मिनिटे ओंकारला मिळाली. तरी भोंगा रागावायला सुरुवात करायचा ती "राणे" म्हणूनच, आणि मग अडायचा.

यंदा तो सुटला. थोरल्याला नेमके काम निघाले, तेव्हा जीप घेऊन मीच गेलो. "आदी सांगलीला चल," म्हणाला. राणी तिथे नर्सिंग शिकते. ती होस्टेलच्या फाटकाशी आली, बापाकडे पाहिले न पाहिले आणि म्हणाली, "कशानं आलाय? गाडी तुमी न्हाई न्हवं चालवत?"

"न्हाई बाळ. ह्यो चालवतोय."

"मग बरं." तासाला उशीर होतोय म्हणून ती आत गेली.

परतीच्या वाटेवर माझा तोल गेला. "आता तरी सांग की रं तिला! कुणाच्या बापाला भितोस?"

"मी आपणहून आत गेलो, त्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "पण दादानं तसं सांगून माझी पोर माझ्यापासनं तोडायची न्हवती."

"मग सांग!"

"तिचं लगीन दादानं ठरवलंय. मांडव बी त्याच्याच दारात हाय, मला कुठं सवतं दार हाय?"

"लग्न झाल्यावर सांग."

त्याने माझ्याकडे पाहिले, मी काही अगदीच पोरकट बोललो असल्यासारखे.

"आन मग म्हायेराला कुठं यायची रं ती?"